टर्बो गाडीचा सायलेन्सर बदलण्याआधी

प्रश्न : माझी २०२१ ची पोलो १.० टीएसआय आहे. गॅरेजवाले म्हणतात, कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून शेवटपर्यंत अडीच इंची फ्री-फ्लो पाईप टाकला की १५ हॉर्सपॉवर वाढेल. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं) केलेलं नाही. काम करून घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. रिमॅपशिवाय नुसत्या पाईपने या गाडीत १५ हॉर्सपॉवर वाढणार नाही. आवाज मात्र नक्की वाढेल.

इंजिनातून सुटलेला तापलेला धूर टर्बोमधलं टर्बाइनचं चाक फिरवतो. चाकाच्या अलीकडे दाब जास्त, पलीकडे कमी, या फरकावर सगळा खेळ. पलीकडची वाट मोकळी केली की टर्बो लवकर फिरू लागतो. गॅरेजवाल्यांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. पण तुमच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बूस्टचा दाब (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा) सतत मोजत असतो. कंपनीने ठरवलेला दाब मिळाला की तो वेस्टगेट नावाची झडप उघडतो आणि जास्तीचा धूर टर्बाइनला वगळून निघून जातो. पाईप मोकळा केलात तर वेस्टगेट जरा आधी उघडेल, एवढंच. ११० पीएसची गाडी जवळपास तिथेच राहील.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी प्लग, एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचे) होस बघतो. सगळं ठणठणीत असेल तर मूळ एक्झॉस्टवरच स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचा रिमॅप. बहुतेकांचं समाधान तिथेच होतं. वॉरंटी शिल्लक असेल तर रिमॅपमुळे ती अडचणीत येऊ शकते, हे मात्र आधी सांगतो.

आता कॅट. तुमच्या इंजिनात तो टर्बोला अगदी लागून बसवलाय, कारण सकाळी गाडी चालू केल्यावर तो लवकर तापला पाहिजे. त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर त्याच्या कामावर लक्ष ठेवतो. कॅट काढला की चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा कोड) येतो. तो कोड सॉफ्टवेअरमधून दाबून देणारे आहेत. त्यांच्या नादी लागू नका. सिग्नलला तुमच्या मागे स्कूटर उभी असते, पुढे पायरीवर लहान पोर उभं असतं. न जळालेलं हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड आधी त्याच्या नाकात जातं. हे काम मी कितीही पैसे मिळाले तरी करत नाही. कायदाही कडक आहे : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाची किंवा प्रदूषणाची मर्यादा मोडली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय लायसन्स ३ महिने जातं.

आवाज थोडा भारदस्त हवा असेल तर फक्त मागचा मफलर बदला, तोही आवाजाच्या मर्यादेत राहणारा. मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज दाबणारा डबा) हलवू देऊ नका. तो काढला की हायवेला २,००० ते २,५०० आरपीएमवर केबिनमध्ये घुमघुम सुरू होते आणि पुण्याला पोचेपर्यंत घरच्यांची डोकी उठतात.

पाईप घेताना बाहेरची चकाकी बघू नका. जोडाच्या जागी आत टॉर्च मारा. टिग वेल्डिंग करताना पाईपच्या आतही आर्गन वायू सोडावा लागतो. तो सोडला नसेल तर आतून काळे, खरखरीत दाणे दिसतात. तो जोड पुढे तिथेच तडकतो. वळणंही बघा : मॅन्ड्रेलवर (आतून आधार देणाऱ्या दांड्यावर) वाकवलेला पाईप वळणातही गोल राहतो, साध्या प्रेसवर तो चपटा होतो आणि वाट तिथेच अरुंद होते.

प्रश्न : नवा स्टेनलेस स्टीलचा पाईप चार महिन्यांत तपकिरी पडला. फसवलं का मला?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : टर्बोजवळचा भाग सोनेरी, निळसर किंवा तपकिरी झाला असेल तर ती उष्णतेची छटा, काळजी नको. मागच्या थंड भागावर तपकिरी थर असेल तर लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर पाईप बहुधा ४०९ ग्रेडच्या (चुंबकाला चिकटणाऱ्या) स्टेनलेस स्टीलचा आहे. मूळ एक्झॉस्टलाही हा ग्रेड सर्रास वापरतात आणि त्यावर वरवरचा गंज येतोच. बिलावर ३०४ (चुंबकाला सहसा न चिकटणारा, कमी गंजणारा ग्रेड) लिहिलं असेल तर मात्र पाईप घेऊन दुकानात जा आणि बदलून मागा. समुद्राच्या खाऱ्या हवेत ३०४ चेच पैसे मोजलेले बरे. वेल्डच्या कडेने गंज असेल तर वायर ब्रशने घासून बघा. खाली खड्डे दिसले तर तो जोड नव्याने करून घ्या.