पहिली रायफल घेताना: आधी तिजोरी, मग काडतुसं, साज नंतर

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३८, ग्रीन कार्ड, पगार १ लाख १० हजार डॉलर, पत्नी आणि आठ वर्षांचा मुलगा. साताऱ्याला कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली होती, ती ओढ अजून गेलेली नाही. कर वजा जाता ६,००० डॉलर बोनस हातात येतो आहे. त्यातून एआर-१५ धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक (ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशी) रायफल (९०० डॉलर) घ्यायची आणि तिच्यावर रेड डॉट साइट (लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन), नवा ट्रिगर, हँडगार्ड (नळीभोवतीची पकड), दस्ता, दिवा आणि कंपेन्सेटर (झाडताना नळीची उसळी कमी करणारं टोक) मिळून १,३०० डॉलरचं सामान चढवायचं, असा बेत आहे. पुढे कधीतरी साडेदहा इंची अपरही, म्हणजे तेवढ्या आखूड नळीचा वरचा भाग, बसवायचा विचार आहे. क्रेडिट कार्डावर ४,१०० डॉलर थकलेत, २३ टक्के व्याजाने. ४०१(के) मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती निधीत, कंपनी पगाराच्या पाच टक्क्यांपर्यंत तितकीच भर घालते, पण ते स्वतः तीनच टक्के भरतात. पत्नीला घरात बंदूक नको आहे. चार-पाच वर्षांत भारतात परतायचाही विचार आहे. "घेऊ का?" एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

घ्या, पण ही रायफल नको आणि या क्रमाने तर नकोच.

तुमच्या यादीत साजाच्या प्रत्येक वस्तूची किंमत आहे, पण काडतुसांची नाही. या छंदात खरा पैसा काडतुसांतच जातो. महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर गेलात आणि दर खेपेला १५० काडतुसं झाडलीत, तर महिन्याला ३०० होतात. एआरला लागणारं .२२३ चं साधं काडतूस ५० सेंटला धरलं तरी वर्षाचे १,८०० डॉलर झाले. रेंजची फी दर खेपेला २५ धरा, म्हणजे आणखी ६००. असे दरवर्षी २,४०० डॉलर जाणार, आणि तुमचा साजासकट रायफलचा हिशेब आहे २,२०० चा. वर्षभरात काडतुसं आणि रेंजच रायफलला मागे टाकतात. ज्यांनी हे आधी धरलं नाही, त्यांची रायफल कपाटातच राहते.

तेच पॉइंट टू-टूचं करून बघा. .२२ एलआर काडतूस दहा सेंटच्या आसपास मिळतं. तेवढ्याच सरावाला काडतुसांचे ३६० आणि रेंजचे ६००, म्हणजे वर्षाला ९६०. दरवर्षी जवळपास दीड हजार डॉलर वाचतात, आणि नेम धरणं, श्वास रोखणं, ट्रिगर न हिसकता दाबणं हे शिक्षण दोन्हीकडे सारखंच.

म्हणून पहिली रायफल रुगर १०/२२ ही पॉइंट टू-टू घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. १९६४ पासून ती बनते आहे, तीही सेमी-ऑटोमॅटिकच आहे, आणि दहा काडतुसांचं तिचं गोल फिरतं मॅगझिन दस्त्यात सपाट बसतं. साडेतीनशे डॉलरच्या आसपास साधं मॉडेल मिळतं. स्वतःच्या हाताने रायफल घडवायची तुमची हौसही तिच्यावर भागेल. नळी दोन स्क्रूंवर बसते, दस्ता एका स्क्रूने आणि पुढच्या पट्ट्याने धरलेला असतो, आणि सुट्या भागांची बाजारात रेलचेल आहे. मात्र पहिली पाचशे काडतुसं रायफल जशी आली तशीच झाडा. आपल्याला काय खुपतंय हे त्यानंतरच कळतं, आणि तेव्हा बदललेला ट्रिगर खरोखर उपयोगी पडतो. काढलेले मूळ भाग डब्यात जपून ठेवा. भारतात परतताना रायफल सोबत नेता येईल असं धरून चालू नका. ती विकावी लागेल, आणि विकताना साजावरचे पैसे क्वचितच परत येतात. मूळ रूपातली रायफल लवकर खपते.

एआर पुढे घेतलीत तरी घाई नको. तिच्यात कायद्याने बंदूक मानला जातो तो फक्त अनुक्रमांक असलेला लोअर रिसीव्हर, म्हणजे ट्रिगर बसतो तो खालचा सांगाडा. बाकीचे भाग हळूहळू, सवलत बघून घेता येतात, त्यामुळे सगळं एकदम घेऊन कार्डावर टाकायचं काहीच कारण नाही.

त्या साडेदहा इंची अपरबद्दल मात्र मला खरंच काळजी वाटते. दस्ता लावलेल्या रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड झाली की ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते आणि आधी नोंदणी करावी लागते. या नोंदणीवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे नोंदणीच गेली असा काहींचा समज झालाय. नोंदणीची अट तशीच आहे. बिननोंदणीच्या रायफलला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर देशाबाहेरही काढता येतं. तीनशे-चारशे डॉलरच्या एका भागासाठी घर, नोकरी, मुलाची शाळा सगळं पणाला लागतं. पूर्ण नागरिक होईपर्यंत हा विषय काढूच नका.

पत्रात ओझरता उल्लेख आहे की एच-वन-बीवर असलेल्या मेहुण्यालाही रेंजवर न्यायचंय. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंद आहे. शिकारीचा वैध परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या हातात रायफल देऊ नका. वकिलाची फी या छंदाच्या खर्चातच धरा.

आता वहिनींबद्दल. त्यांचा विरोध खेळाला आहे की घरातल्या बंदुकीला, हे त्यांना शांतपणे विचारा. आठ वर्षांच्या मुलाची आई असं म्हणते तेव्हा ती बरोबरच असते, आणि टेक्सासचा कायदाही तेच म्हणतो. तुमच्या हलगर्जीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली, तर तिथे तो गुन्हा आहे. म्हणून पहिली खरेदी तिजोरीची. चारशे-पाचशे डॉलरची, जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेली, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली किंवा आकडा तुम्हा दोघांनाच ठाऊक असू दे. घराच्या विम्याची पॉलिसीही उघडून बघा. बंदुकांच्या चोरीसाठी बहुधा वेगळी मर्यादा असते, अनेकदा अडीच हजार डॉलरच्या आसपास. रायफल, साइट आणि पुढची एआर मिळून तुम्ही तिथवर लवकर पोहोचाल.

बोनसचं वाटप मी असं करेन. आधी कार्डाचे ४,१०० फेडून टाका. त्यावर तुम्ही वर्षाला साडेनऊशेच्या आसपास व्याज भरताय, म्हणजे पॉइंट टू-टूचा वर्षभराचा सरावच बँकेला देताय. उरले १,९००. तिजोरीला ५००, रायफलला ३५०, चष्मा आणि कानाच्या संरक्षणाला १००, शिक्षकाच्या हाताखालच्या वर्गाला १५०, काडतुसांना २००. हे १,३०० झाले. राहिलेले ६०० अडीअडचणीच्या निधीत.

४०१(के) मधला हप्ता याच महिन्यात पाच टक्के करा. कंपनी देत असलेले वर्षाचे २,२०० डॉलर तुम्ही सोडून देताय. त्याने हातात येणारा पगार थोडा कमी होईल, पण कार्डाचा हप्ता संपल्यामुळे ते जाणवणार नाही. वर्षभर पॉइंट टू-टू नेमाने चालवलीत आणि कार्ड कोरं राहिलं, तर पुढच्या बोनसमधून एआर घ्या. तेव्हा मी आडवा येणार नाही.

बोनस यायच्या आधी एका शनिवारी वहिनींना घेऊन रेंजवर जा. बऱ्याच रेंजवर रायफली भाड्याने मिळतात. दोन्ही चालवून बघा, त्यांनाही चालवू द्या, आणि घरी आल्यावर तिजोरी कुठल्या भिंतीला बसवायची ते दोघांनी मिळून ठरवा.