नमनालाच घडाभर तेल

प्रश्न : ताई, मी भाषाशास्त्रात पीएचडी करतोय. प्रबंधाचं तिसरं प्रकरण चार महिन्यांपासून अडलंय. आधी वर्ड सोडून लाटेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम धरला, मग लाटेकसाठी विम हा एडिटर, मग विमसाठी प्लगइन. गेल्या आठवड्यात कर्सर ज्या ओळीवर असतो तिला कोणता रंग द्यायचा, यात अख्खी दुपार गेली. माझी विमआरसी, म्हणजे विमच्या सेटिंगची फाइल, आता 640 ओळींची झालीय आणि प्रकरण जेमतेम अकराशे शब्दांचं. मार्गदर्शक म्हणतात, तू आळशी आहेस. पण मी रोज दहा तास कॉम्प्युटरसमोर असतो! सगळं पुसून टाकून साध्या एडिटरवर जाऊ का?
– अडलेला

उत्तर : आळशी माणूस रंगांचे सहा-सहा अक्षरी कोड जुळवत बसत नाही, त्यामुळे तो आरोप मी तरी मान्य करत नाही. तुमचा रोग मला चांगला ठाऊक आहे. तो मलाही आहे.

प्रोग्रामिंगमध्ये माझी वीसेक वर्षं गेली. मध्यंतरी मला हुक्की आली, की रोजच्या कामाच्या नोंदी मराठीत आणि त्याही टर्मिनलमध्येच (हुकूम टाइप करायची ती खिडकी) लिहायच्या. टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटींची वही, एका अक्षराला एक चौकट. देवनागरी त्यात मावायला तयार नसते. ‘क्षितिज’ लिहिलं की क आणि ष वेगळे पडत, वेलांटी तिसऱ्याच अक्षरावर जाऊन बसे. तीन टर्मिनलं बदलली, पाच फाँट बदलले. तिसऱ्या रात्री शब्द एकदाचा नीट उमटला (कर्सर अजून एक घर पुढे होता, पण असो), तेव्हा मी नवऱ्याला हाका मारून बोलावलं. त्याने पडदा पाहिला आणि विचारलं, “नोंद कुठाय?” फाइलमध्ये तेवढा एकच शब्द होता.

या खेळाची गोडी अशी, की सेटिंग लगेच उत्तर देतं. ओळ लिहिली, सेव्ह केली, रंग बदलला. प्रबंधातलं वाक्य बरोबर आहे की नाही ते तीन आठवड्यांनी कळतं, तेही लाल पेनाने.

तुम्ही लाटेकवाले आहात, म्हणजे कधीतरी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचा दाखला द्यालच. लाटेकच्या पोटात जे टेक आहे ते त्यांचं. 1977 मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांनी पाहिली, अक्षरजुळणी डोळ्यांना खुपली, आणि स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. लवकर आटपेल असं वाटलं होतं, दहाएक वर्षं गेली. तिसरा खंड 1973 चा आणि त्यापुढचा 4ए आला 2011 मध्ये. सगळा दोष टेकचा नाही, पण हिशेब मांडून ठेवावा. मात्र त्यांची तक्रार छापील पानातून आली होती. आणि काम झाल्यावर त्यांनी टेक गोठवलं : नव्या सोयी बंद, फक्त चुकांची दुरुस्ती. प्रत्येक दुरुस्तीला आवृत्तीचा क्रमांक गणितातल्या ‘पाय’च्या (π) किमतीकडे एक अंक सरकतो, बस्स.

तुमचं लाटेककडे जाणं मला पटतं. वाक्यरचना दाखवणारे वृक्ष, उच्चारचिन्हं, क्रमांक घातलेली शेकडो उदाहरणं, ही गरज प्रबंधाचीच आहे. कर्सरच्या ओळीचं काय? कर्सर खरोखर हरवत होता, की दुसऱ्या कुणाचा सजवलेला पडदा पाहून आला होतात?

पुसून मात्र काही टाकू नका. इमॅक्स हा दुसरा एडिटर वापरणारे याला दिवाळखोरी जाहीर करणं म्हणतात. मी पाहिलेल्या बहुतेक दिवाळखोरांची फाइल वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेवढीच फुगली होती. आणि साध्या एडिटरवर जाणं म्हणजे आणखी एक स्थलांतर, ज्यात तुमचे पंधरा दिवस मजेत जातील. त्यापेक्षा आहे ती विमआरसी फक्त वाचण्यापुरती खुली ठेवा, लिहिण्याची परवानगी काढून घ्या. उद्गारचिन्ह जोडून हुकूम दिला तर विम तरीही सेव्ह करू देतं, पण ते चिन्ह टाइप करताना बोट थबकतं. शेजारी एक कागद ठेवा. जे खुपेल ते त्यावर लिहायचं, पुन्हा खुपलं की पुढे एक रेघ. तीन रेघा झालेल्या गोष्टीला रविवारी हात लावायचा. माझ्या पहिल्या कागदावर चौदा गोष्टी होत्या. रविवारी त्यातल्या दोन म्हणजे नेमकं काय, हे मलाच आठवेना.

आता खरं सांगते, मला त्या 640 ओळींपेक्षा अकराशे शब्दांची जास्त काळजी वाटते. रंग बदलायची हुक्की कोणत्या वाक्यापाशी येते, ते चार दिवस टिपून ठेवा. माझा अंदाज, ती दर वेळी त्याच एका परिच्छेदात येते, जिथे उदाहरणं तुमच्या मांडणीत बसत नाहीयेत आणि ते कबूल करायचं राहून गेलंय. मार्गदर्शकांकडे तो परिच्छेद घेऊन जा, कच्चा असला तरी.

आणि तुमच्या टर्मिनलमध्ये ‘क्षितिज’ नीट उमटत असेल, तर इतक्यात कळवू नका. महिनाअखेरीस मला एक काम पूर्ण करून द्यायचंय.