दोन गायी, एक म्हैस, 20 गुंठे : सुपर नेपियर, फुले जयवंत की गिनी?

तुमच्याकडे दोन संकरित गायी आणि एक म्हैस आहे, 20 गुंठे रान आहे आणि विहीर मार्चपर्यंत साथ देते. एवढ्यावर चाऱ्यासाठी मी फुले जयवंत हे संकरित नेपियर गवत लावा असं सांगेन. बांधाच्या आंब्याखाली गिनी गवत लावा, कारण ते सावलीतही वाढतं. नेपियर सावलीत खुरटतं.

सुपर नेपियर म्हणजे थायलंडचं पाकचोंग-1, आणि जयवंत राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. दोन्ही बाजरी आणि नेपियरचा संकर. असल्या संकराला उगवणारं बी धरत नाही, कांडी किंवा ठोंबच लावावे लागतात. त्यामुळे पाकिटातून 'नेपियरचं बी' कुणी देत असेल तर घेऊ नका.

सुपर नेपियर मीही लावलं होतं. बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, देणाऱ्यानं 18 टक्के प्रथिनं सांगितली. पहिल्या वर्षी गवत दहा फूट होईपर्यंत उभं ठेवलं, कारण वजन भरपूर दिसत होतं. पण गायी पानं ओरबाडून खायच्या आणि जाड दांडे गव्हाणीत तसेच राहायचे. कुट्टी केली तरी दूध वाढलं नाही. पुढच्या वर्षी तेच गवत 45 दिवसांवर कापायला लागलो तेव्हा गव्हाण रिकामी व्हायला लागली. गवत जून झालं की प्रथिनं निम्म्यावर येतात, मग वाण कोणताही असो. म्हणून टनाच्या आकड्यावर वाण निवडू नका. कोवळ्या नेपियरमध्ये शंभरातले ऐंशी किलो पाणीच असतं. 25 किलो हिरवं टाकलं तर जनावराच्या पोटात कोरडं जेमतेम 5 किलो जातं, आणि 400 किलोच्या दुभत्या गाईला रोज 10 ते 12 किलो लागतं. कडबा आणि पेंड सुटत नाही ती यामुळे.

मी आता जयवंत ठेवलंय ते पानांसाठी. पानांवर कूस, म्हणजे बारीक टोचरी लव, कमी, कापणाऱ्याचे हात सोलत नाहीत, आणि ऑक्झॅलिक आम्लही कमी. हे आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे दुभत्या जनावराला ते सोसत नाही. अगदी कोवळ्या, 25-30 दिवसांच्या नेपियरमध्ये ते जास्त असतं, म्हणून घाईनं कापू नका. लावणीपासून पहिली कापणी 60-65 दिवसांनी, नंतर 45 दिवसांनी, जमिनीपासून वीतभर ठेवून. खनिज मिश्रण रोज द्याच.

तीन जनावरांना 25 किलोप्रमाणे रोज 75 किलो, वर्षाला 27 टन हिरवं लागेल. 14-15 गुंठ्यांत जयवंत 3 बाय 2 फुटांवर लावा आणि प्लॉटचे 45 तुकडे पाडा. रोज एक कापायचा, म्हणजे फिरून येईपर्यंत पहिला तयार असतो. उरलेल्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात लसूणघास हा द्विदल चारा पेरा. तो ओला, एकटा देऊ नका, पोट फुगतं. नेपियरच्या कुट्टीत मिसळा.

मार्चनंतरचं काय, याचा विचार पावसाळ्यातच करा. जुलै ते सप्टेंबर गवत आवरत नाही, तेव्हा जास्तीचं थोडं सुकवून मुरघास भरा, म्हणजे हवाबंद दाबून साठवा. पाणी न मिळणाऱ्या बांधावर मारवेल लावा. ते आपल्याच माळाचं गवत आहे, उन्हाळ्यात वाळतं आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतं. पाणी साचणारा कोपरा असेल तर तिथे पॅरा गवत. नेपियरची मुळं तिथे कुजतात.

बेणं तीन-चार महिन्यांच्या गवताचं, दोन डोळ्यांचं घ्या; डोळा म्हणजे कांडीवर कोंब फुटतो ती जागा. एक डोळा मातीत, एक वर.