बोट भाड्याने घ्यायची, पण कुठे?

प्रश्न : मुलगी आणि जावई नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला असतात. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. जावई म्हणतात, मोटरबोट भाड्याने घेऊ, आठवडाभर बोटीतच राहू आणि कालव्यांतून गावोगाव फिरू. बोट चालवायचा अनुभव कोणालाच नाही. परवाना लागत नाही हे खरं का? एन्कहाउझेन, होर्न ही जुनी बंदरं त्यात पाहून होतील का? सौ.चे गुडघे दुखतात, तिला जमेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : परवान्याचं जावई सांगतात ते बरोबर आहे. बोट 15 मीटरपेक्षा लहान असेल आणि ताशी 20 किलोमीटरच्या वर पळत नसेल, तर तिथे परवाना लागत नाही. चालवणाऱ्याचं वय मात्र 16 पूर्ण हवं. भाड्याच्या बहुतेक बोटी याच मापात बसतात.

बोट ताब्यात देताना मालक सगळं समजावून सांगतो. ते घाईत उरकू देऊ नका. सरळ जाणं कोणालाही जमतं, खरी परीक्षा थांबताना असते. बोटीला ब्रेक नसतो. थांबवायची तर गिअर उलटा टाकावा लागतो आणि त्या वेळी मागची बाजू एकीकडे सरकते. कुठल्या बाजूला सरकते, ते मालकाला करून दाखवायला सांगा, मग जावयांना त्याच्यासमोर दोन-तीनदा धक्क्याला लावू द्या.

आता एन्कहाउझेन आणि होर्न. मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे या दोन गावांवर माझा विशेष जीव आहे. आमच्या गावात डच वखारीचे अवशेष आहेत. ती वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, तिच्या सहा शाखांपैकी दोन या गावांत होत्या. एन्कहाउझेनच्या बंदराच्या तोंडाशी 1540 सालचा ड्रोमेडारिस बुरुज अजून उभा आहे. तो पाहाच, पण रेल्वेने जाऊन. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर बंदरच लागतं.

बोटीने नको म्हणते त्याचं कारण वाटेतलं आयसेलमेर हे मोठं तळं. पूर्वी तिथे समुद्राचं पाणी आत येत असे. 1932 मध्ये 32 किलोमीटरचा बांध पुरा झाला आणि त्याचं गोड्या पाण्याचं तळं झालं. पण पाणी उथळ आणि वारा मोकळा. अशा पाण्यात जराशा वाऱ्यानेही आखूड, उभ्या लाटा उठतात आणि बोट नको इतकी हलते. नवख्यांना तिथे बोट न्यायला बरेच मालक मनाईच करतात, आणि ते योग्यच आहे.

तुम्ही बोट घ्या ती उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात, स्नेक या गावाच्या आसपास. तिथली तळी आणि कालवे बहुतेक एकाच पातळीवर आहेत, म्हणून लॉकची, म्हणजे पाणी कमी-जास्त करून बोट वर-खाली नेणारी, दारं फारशी लागत नाहीत. स्नेकमध्ये 1613 सालची पाण्यावरची वेस आहे. तिथून स्लोटेनला जा. ते इतकं छोटं शहर आहे की चहा गार व्हायच्या आत बघून होईल. मग लेमर. जादा झालेलं पाणी आयसेलमेरमध्ये उपसून टाकणारं 1920 सालचं वाफेवरचं पंपघर तिथे आहे. पाणी फार चढलं की आजही ते पेटवतात. 1998 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. जावई इंजिनिअर असतील तर अर्धा दिवस तिथेच जाईल, जाऊ द्या.

वाटेत उघडणारे पूल लागतील. लाल दिवा म्हणजे थांबा, लाल-हिरवा एकत्र म्हणजे पूल उघडतोय, दोन लाल म्हणजे पूल बंद आहे, वाट बघू नका. काही गावांत पुलावरचा माणूस गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून तुमच्यासमोर सोडतो. टोलची नाणी त्या बुटात टाकायची. बोट तेव्हाही चालूच असते, म्हणून सुट्टे पैसे आधीच हातात घेऊन सौ.ना बाहेर बसवा. हे काम त्यांना नक्की आवडेल.

गुडघ्यांसाठी मात्र बोट निवडतानाच बघा. आत उतरायला किती पायऱ्या, त्या किती उभ्या आणि धरायला कठडा आहे का, हे फोनवर विचारून घ्या. धक्क्यावर उडी कोणीच मारायची नाही. बोट टेकली, दोर बांधला, मगच पाय बाहेर.

प्रिन्सेस मार्ग्रीट कालव्यात मालवाहू बोटी असतात. त्यांना पटकन वळता-थांबता येत नाही; उजवी कड धरून चला. दिवसाला चार तास चालवणं पुरे. दुपारी लवकर बंदरात शिरलात तर जागा मिळते. जागेवर हिरवी पाटी असेल तर ती मोकळी, लाल असेल तर कोणाची तरी. गावाबाहेर रानात बांधायचं असेल तर माररेक्रीट या संस्थेचे धक्के आहेत, तिथे तीन दिवस फुकट राहता येतं. फक्त तिथे नळ नाही, वीज नाही; पाणी भरून निघा. आणि संडासाची टाकी बंदरातच रिकामी करायची, कालव्यात सोडायला 2009 पासून बंदी आहे.

जून म्हणजे सुट्ट्यांच्या गर्दीआधीचे दिवस. तरी बोट आत्ताच ठरवा.