स्टेक कापताना प्लेट का सरकते?

प्रश्न : स्टेक कापायला घेतला की प्लेट सरकते, सुरी कर्रकन वाजते आणि तुकडा उडून शेजारच्याच्या अंगावर जाईल की काय, अशी धास्ती वाटते. काटा-सुरी नेमकी धरायची कशी?

उत्तर : तुम्ही सुरी खाली दाबत असणार. मांस दाबल्याने चेपतं. कापलं जातं ते धार त्यावरून सरकल्यावर. ही एक गोष्ट हाताला कळली की निम्म्या अडचणी संपतात.

काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात. दोन्हींच्या मुठींची टोकं तळहातात लपू द्या. काट्याचे दाते खाली वळलेले हवेत आणि तर्जनी त्याच्या मानेवर, पण दात्यांपासून अंतर राखून. सुरी धरलेल्या हाताची तर्जनी मूठ आणि पातं जुळतात तिथे, वरच्या बाजूने टेकवा. बोट पात्यावर पुढे गेलं की नकळत दाब वाढतो.

आता स्टेकच्या डाव्या कडेपासून सुरुवात करा. काटा किंचित तिरका रोवा आणि दात्यांच्या उजवीकडे, त्यांना जवळजवळ लागून सुरी ठेवा. पात्याचा मुठीकडचा भाग आधी टेकवून टोकापर्यंत सुरी आपल्याकडे ओढा. पुन्हा पुढे न्या, पुन्हा ओढा. असे तीन-चार लांब फटके पुरतात; तोकडे फटके भराभर मारले की कड फाटते. घास साधारण दोन सेंटीमीटरचा असावा. तो कापून होतो तेव्हा काट्यावरच असतो, वेगळा टोचावा लागत नाही.

प्लेट सरकते ती काट्याची पकड ढिली असल्यामुळे. मग सुरीबरोबर मांस जातं आणि मांसाबरोबर प्लेट. कर्रकन आवाज येतो तो शेवटच्या फटक्याला. तळ जवळ आल्याचं जाणवलं की हात हलका करा. कोपरं अंगालगत ठेवा, हालचाल मनगटातून आणि कोपराखालच्या हातातून होऊ द्या. डावखुऱ्यांनी हात आणि सुरुवातीची कड, दोन्ही खुशाल उलट करावं.

प्रश्न : सगळे तुकडे आधीच कापून घेतले तर सोपं जाणार नाही का?

उत्तर : सोपं जाईल, पण स्टेक वाया जाईल. प्रत्येक कापाबरोबर एक नवी बाजू उघडी पडते. तिथून वाफ जाते आणि रस प्लेटमध्ये उतरतो. शेवटचे घास गार आणि कोरडे लागतात. एक घास कापा, तो खा, मग पुढचा. लहान मुलांना किंवा हात दुखावलेल्या माणसाला मात्र जरूर आधीच कापून द्यावं.

प्रश्न : मऊ शिजलेला स्टेकसुद्धा कधी कधी चावता चावत नाही. दोष स्वयंपाक्याचा की माझा?

उत्तर : बऱ्याचदा कापण्याच्या दिशेचा. मांस म्हणजे स्नायूंच्या तंतूंची जुडी. वरून नीट पाहिलं तर एका दिशेने गेलेल्या रेषा दिसतात. त्या रेषांना समांतर कापलंत तर घासात लांबच लांब तंतू येतात आणि ते तोडायचं काम दातांवर पडतं. रेषांना आडवं कापलं की तेच तंतू आखूड होतात आणि घास सुटा होतो. फ्लँक आणि स्कर्ट या पोटाकडच्या मांसाच्या कटमध्ये तंतू जाड आणि ठळक असतात, तिथे हे पाळलंच पाहिजे. फिले, म्हणजे कण्यालगतचं मांस, मुळातच मऊ, त्यात फारसा फरक जाणवत नाही. रेषा तिरक्या आल्या तर हात वाकडा करू नका, काट्याने स्टेकच फिरवून घ्या.

प्रश्न : काही जण कापून झाल्यावर काटा उजव्या हातात घेतात. ते चूक आहे का?

उत्तर : नाही, ती अमेरिकी पद्धत आहे. तुकडा कापायचा, सुरी प्लेटच्या वरच्या उजव्या कडेवर धार आत करून ठेवायची आणि काटा उजव्या हातात, दाते वर करून घ्यायचा. युरोपीय पद्धतीत काटा डाव्याच हातात, दाते खालीच राहतात. आमचं मत युरोपीय पद्धतीच्या बाजूने, कारण हातांची अदलाबदल वाचते. कोणतीही निवडा, पण एका जेवणात एकच.

प्रश्न : हाड किंवा न चावणारी शीर तोंडात आली तर काय करायचं?

उत्तर : घास काट्याने गेला, तसाच काट्याने बाहेर. काटा ओठांजवळ नेऊन त्यावर अलगद ठेवा आणि प्लेटच्या कडेला सोडा. नॅपकिनमध्ये थुंकू नये. तो मांडीवर उघडला की सगळं बाहेर येतं. टी-बोनमध्ये, म्हणजे T आकाराचं हाड असलेल्या स्टेकमध्ये, आधी हाडालगत सुरी चालवून दोन्ही बाजूंचं मांस थोडं थोडं सोडवत जा. हाडाला चिकटलेलं निघत नसेल तर राहू द्या.

प्रश्न : मधेच थांबलो तर वेटर प्लेट उचलून नेतो!

उत्तर : काटा-सुरी समांतर ठेवत असाल. प्लेट म्हणजे घड्याळ समजा. थांबलात तर सुरीची मूठ चारवर, काट्याची आठवर आणि टोकं मध्याकडे. झालं की दोन्ही शेजारी शेजारी, मुठी साडेसहाच्या आसपास, सुरीची धार आत. वापरलेली सुरी पुन्हा टेबलावर टेकवायची नाही, अर्धीसुद्धा नाही.

प्रश्न : कापल्यावर लाल पाणी सुटतं. ते रक्त असतं का?

उत्तर : नाही. ते स्नायूंमधलं पाणी. त्याला लाल रंग येतो मायोग्लोबिन या प्रथिनामुळे. मीडियम-रेअर, म्हणजे आतून लालसर राहील इतपतच शिजवलेला स्टेक आतून साधारण 54 ते 57 अंश सेल्सिअसला असतो, तेव्हा हा रंग राहणारच. 70 अंशांच्या पुढे तो करडा-तपकिरी होतो. मागितला त्यापेक्षा कच्चा वाटला तर पहिल्या एक-दोन घासांतच सांगा. कमी शिजलेला आणखी शिजवता येतो, अर्धा खाल्लेला परत पाठवणं अवघड.