तो पिवळा दिवा लुकलुकला तर
पावसात ताम्हिणी घाट उतरताना मीटरवरचा घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकला तर घाबरू नकोस, ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) काम करतंय. स्टिअरिंग किती वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, याचा ते सतत ताळा घेत असतं. पुढचा भाग वळणाबाहेर सरकला की आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला, मागचा भाग फेकला गेला की बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला मुख्यतः ब्रेक लागतो. इंजिनचा जोरही कमी होतो. तू फक्त जायचंय तिकडे बघ, स्टिअरिंग तिकडेच ठेव, अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोड. चिखलात रुतलास तरच ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच गरगर फिरू न देणारी यंत्रणा) बंद कर, निघालास की लगेच चालू. आणि टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी ते बदल बाबा! रस्त्यावर पकडच नसेल तर ईएससी तरी काय करणार?