पियानिस्ट नाहीच झाली, तर?

मी समुपदेशक. बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे एक ठरलेली काळजी चालत येते. मुलगी लहानपणापासून पियानो शिकलेली असते, परीक्षांची आठवी म्हणजे शेवटची ग्रेड झालेली असते आणि आईवडील विचारतात, "मॅडम, ही पियानिस्टच होणार म्हणते. होईल का? आणि नाहीच झाली तर?" पणजी-मडगावात हा प्रश्न जुनाच. हल्ली तो फोंडा-डिचोलीकडूनही येतो, कारण जिथे फक्त पेटी आणि तबला असायचा त्या घरांत आता डिजिटल पियानो आलाय.

"होईल का?" याचं उत्तर तिच्या शिक्षकांनी द्यावं. "नाही झाली तर?" हा प्रश्न मात्र माझ्या खोलीतला.

मीरा (नाव आणि तपशील बदलले आहेत) फोंड्याजवळच्या गावातली. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. संध्याकाळी ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आठव्या ग्रेडला तिला डिस्टिंक्शन होतं, म्हणजे १०० पैकी ८७ किंवा त्याहून जास्त. पुढची पायरी एटीसीएल ही वादनाची पदविका. तिचा फॉर्म भरून झाला आणि ऐन वेळी मागेही घेतला गेला. आदल्या दिवसापासून उलट्या, बोटं गार. आई म्हणाली, "घरी इतकं छान वाजवते हो!"

"वाजवताना मनात काय चालतं?" मी मीराला विचारलं.

"पुढची चूक कुठे होणार ते."

"आणि झाली तर?"

"डिस्टिंक्शन जाईल."

"गेलं तर?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "मग मी पियानिस्ट होणार नाही. आणि नाही झाले, तर इतकी वर्षं वाया गेली. माझीही. आणि बाबांचे पैसेही."

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची आहे. प्रसंगापेक्षा आपण त्याला चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी रोज पाहते. एका घसरलेल्या बोटापासून आख्खं आयुष्य वाया जाण्यापर्यंत मीरा तीन वाक्यांत पोचली होती. पण हे तिला नुसतं समजावून भागणार नव्हतं. हुशार मुलं मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा तेच करतात.

म्हणून मी वेगळं विचारलं. "आज, आत्ता, न बघता काय काय वाजवशील?"

तिने तीन रचना सांगितल्या. तिन्ही आठव्या ग्रेडच्या. सातवीच्या? विसरली. सहावीच्या? त्याही.

यात तिचा दोष नाही. ग्रेडच्या परीक्षेत तीन रचना, प्रत्येकी २२ गुण. उरलेले ३४ स्केल वगैरे तांत्रिक तयारीला आणि पूरक चाचण्यांना. वर्षाला तीन रचना घोटल्या की गाडी पुढे जाते. युरोपातल्या संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशचाचणीला मात्र साधारणपणे बाखचं प्रिल्यूड-फ्यूग, एक अभिजात सोनाटा, एखादं एट्यूड आणि एक मोठी रोमँटिक रचना, असं निरनिराळ्या धाटणीचं सगळं एकाच वेळी हातात असावं लागतं. मैफली करणाऱ्यांच्या बोटांत तर कित्येक तासांचं संगीत तयार असतं. मीराला आजवर शिक्षिका, परीक्षक आणि आईचा मोबाइल यांच्याखेरीज कोणी ऐकलंच नव्हतं. तिच्या लेखी ऐकणारा म्हणजे गुण देणारा.

वडील बाहेर बसले होते. मी त्यांना आत बोलावलं.

"भजनात पेटी वाजवताना चुकता का हो कधी?"

ते हसले. "कधी? रोज! बुवा काळी चार सांगतात आणि ऐन वेळी पाचात घेतात. बोट भलत्याच पट्टीवर पडतं. मग काय, पुढची ओळ पकडायची. भजन कोणासाठी थांबतं?"

"पण बाबा, लोक ऐकतात ना!" मीरा म्हणाली.

"लोक टाळ वाजवत असतात गे बाय."

मीरा खळखळून हसली, आणि मग एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी कधी कोणाबरोबर वाजवलंच नाही."

हे वाक्य मी तिच्या तोंडात घातलं नव्हतं. मी फक्त एक खुर्ची वाढवली होती. पण ती कधी वाढवायची हे कळायला वर्षं लागतात, एवढं म्हणायला हरकत नसावी.

काम ठरलं: व्हायोलिन शिकणाऱ्या मैत्रिणीला साथ करायची. पहिल्याच तालमीत मीराची एक ओळ सुटली. व्हायोलिन थांबलं नाही. ही पानाच्या शेवटी जाऊन मिळाली. "हात गारच होते मॅडम, पण घाबरायला वेळच नव्हता!" पुढे ती एका चर्चच्या कॉयरच्या तालमींना बसू लागली.

पालकांनो, साथ ही दुय्यम गोष्ट समजू नका. ऑपेरागृहांत, बॅले शाळांत, संगीत महाविद्यालयांत साथीच्या पियानिस्टना पगारी नोकऱ्या असतात. पॅरिसमध्ये थोर पियानिस्ट-संगीतकार शोपँचं घर मुख्यतः शिकवण्यांवर चालायचं आणि मोठ्या सभागृहांत वाजवणं तो टाळायचा. भीतीवरून कुवत मोजायची तर होरोविट्झसारख्या जगप्रसिद्ध पियानिस्टचं काय करायचं? १९५३ ते १९६५ तो मंचावर आला नाही.

पियानोवाल्यांची आणखी एक अडचण घरच्यांच्या लक्षात येत नाही. व्हायोलिनवाला आपलं वाद्य काखेत घेऊन जातो. यांना समोर येईल त्यावर वाजवावं लागतं. घरी डिजिटल आणि परीक्षेला मोठा ग्रँड पियानो म्हणजे पट्टीचं वजनच निराळं. बोटं गोंधळतात आणि मुलं त्याला आपली भीती समजतात. धडधड कमी करणारी गोळी कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. दम्याच्या मुलांना ती धोक्याची ठरू शकते, डॉक्टरच ठरवतील. मनगट दुखत असेल तर रियाज थांबवा. आणि परदेशी शिकायला पाठवायचं असेल, तर जर्मनीत सरकारी संस्थांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नसलं, तरी राहण्याखाण्यासाठी वर्षाला १२ हजार युरोंच्या आसपास व्हिसासाठी दाखवावे लागतात, हा हिशेब मुलांसमोर बसून करा. लपवलेल्या खर्चाचं ओझं त्यांना जास्त होतं.

मीरा इथेच कॉलेजात आहे. पदविका मिळाली; डिस्टिंक्शन हुकलं. प्रवेशचाचणीची तयारी सुरू आहे, लागेल की नाही ठाऊक नाही, आणि हे ती आता जेवताखाता सांगते. मध्यंतरी वडिलांचा फोन आला, "मॅडम, जुना अपराइट पियानो मिळतोय, घेऊ का?" मी म्हटलं, आधी ट्यूनरला दाखवा. आपल्या पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, ओल धरू नये म्हणून आत बल्ब लावून ठेवावा लागतो. तेवढी उस्तवार जमणार नसेल, तर आठवड्यातून दोनदा कुणाच्या तरी चांगल्या पियानोवर वेळ मागून घ्या.